दाराबाहेरचा अडकोबा

लालबाग, मुंबई
३ ऑगस्ट १९९९

आदरणीय सरोजिनी दिघे बाई यांस,
सप्रेम जयभीम.

रविवारच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये टीव्हीवरच्या जुन्या बाहुल्यांच्या कार्यक्रमावरचं, 'पेटीतले पाहुणे'वरचं तुमचं पत्र वाचलं. खाली माटुंग्याचा पत्ता होता म्हणून लिहितोय. कंपनीच्या कँटीनमध्ये मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, तर जेवायची सुट्टी संपली तरी कोणी उठेना. सगळ्यांना बाहुल्या आठवल्या. अडकोबा लोणच्याच्या बरणीत अडकतो आणि बाहेर येतो तेव्हा मिशीला मोहरी चिकटलेली असते. अडकोबा हार्मोनियममध्ये अडकतो आणि बुवांनी पट्टी दाबली की आतून 'आई गं' येतं. आमचे शिफ्ट इन्चार्ज पन्नाशीचे आहेत. ते उभे राहून चोचीबाईच्या आवाजात म्हणाले, "कितीदा सांगितलं, बघून मग शिरावं." मग सगळे एकदम, "हवा बरी आहे." बाहेर पडल्यावर अडकोबा दर वेळी एवढंच म्हणायचा.

पण माझा आवडता खेळ कोणालाच आठवेना. त्यात अडकोबा कशात अडकत नाही, तो दाराबाहेर राहतो. बाकीचे आत, हा एकटा बाहेर, आणि दार उघडत नाही. मी सांगितलं तर सगळे म्हणाले, "लहू, तू झोपेत बघितलास." मला त्याचा शेवट आठवत नाही. दार शेवटी उघडलं का? तुम्ही एकही भाग चुकवला नाही असं लिहिलंय, म्हणून तुम्हाला विचारतो. विचारायला घरचं एक कारण आहे.

आपला,
लहू महादेव गमरे

---

माटुंगा
१० ऑगस्ट १९९९

श्री. लहू गमरे यांस,
नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन चुका आहेत. अडकोबाला मिशी नव्हती. मोहरी भुवईला चिकटली होती. आणि चोचीबाई सुरुवातीला "बघून मग घुसावं" असं म्हणत असे. तो शब्द मुलांसमोर बरा नाही, म्हणून मी दूरदर्शन केंद्राला कार्ड टाकलं. नंतर ते "शिरावं" झालं. तुमच्या इन्चार्जांनी पुढचे भाग पाहिलेले दिसतात.

तुम्ही म्हणता तो खेळ झालेला नाही. मी मराठीची शिक्षिका होते आणि शनिवारी संध्याकाळी तो कार्यक्रम वही बाजूला ठेवून पाहत असे. अडकोबा आत अडकणार आणि शेवटच्या गाण्याआधी सुटणार, हा त्यांचा नियम होता. टपालपेटीच्या भागात तो कपाळावर शिक्का बसून भलत्याच्या घरी पोचला, तरी सुटलाच. बाहेर अडकलेला माणूस त्यांनी कधी दाखवला नाही. मुलं दोन गोष्टी एकत्र करतात. तुमचंही तसंच झालं असेल.

घरचं कारण कोणतं, ते लिहिलं असतंत तर उत्तर देणं सोपं गेलं असतं.

सरोजिनी दिघे

---

लालबाग
१७ ऑगस्ट १९९९

आदरणीय बाई,
जयभीम.

मिशीचं मान्य. पण दाराचं नाही. मला ते दार दिसतं. सरकत्या लाकडी पट्ट्यांचं, एका बाजूला ओढायचं. अडकोबा टकटक करतो. आतून बाईचा आवाज येतो, "कोण?" हा म्हणतो, "मी." ती म्हणते, "मी म्हणजे कोण? नाव सांग, नंबर सांग." हा सगळं सांगतो. मग ती म्हणते, "आधी हे सांग, उद्या काय खायचं?" आम्ही पोरं हसून लोळलो होतो. तो परत टकटक करतो, ती परत तेच विचारते. हे मी कुठून आणीन, बाई?

आता कारण सांगतो. माझे वडील मिलमध्ये रिंग खात्यात होते, सूत कातायला. ब्याऐंशीचा गिरणी संप झाला तेव्हा मी सहा वर्षांचा. संप मिटला असं कोणी येऊन सांगितलं नाही, त्यामुळे बाबांच्या लेखी तो चालू आहे. आमच्या गॅलरीतून मिलचं गेट दिसतं. पहिल्या पाळीच्या वेळेला बाबा दाढी करून तिथे बसतात. खाली उतरत नाहीत. "मी खाली गेलो आणि तेवढ्यात बोलावणं आलं तर?" माझी मोठी बहीण मंजुळाताई परळ गावात राहते, ती डबा घेऊन येते. ती म्हणाली, "बाबा, गेटला एवढा गंज चढलाय, आता ते हत्तीला पण उघडायचं नाही." बाबा म्हणाले, "गंज वरवरचा आहे."

माझी कंपनी नाशिकला चालली आहे. दिवाळीपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय. नाही म्हटलं तर नोकरी गेली. हो म्हटलं तर बाबा इथे एकटे, कारण ते येणार नाहीत, आणि समोर कोणी बसल्याशिवाय ते जेवत नाहीत. आई असती तर वेगळं होतं. ती जाऊन आठ वर्षं झाली.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी बाबांना सहज विचारलं, "तो दाराबाहेरचा अडकोबा आठवतो का हो?" ते ताटावरून उठले आणि गॅलरीत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एका बाहुलीवरून माणूस जेवण कशाला सोडेल?

लहू

---

माटुंगा
२४ ऑगस्ट १९९९

लहू,

तुझं वय कळल्यावर 'तुम्ही' म्हणत बसणं मला जमणार नाही.

"नाव सांग, नंबर सांग" आणि "उद्या काय खायचं" ही वाक्यं त्या कार्यक्रमाच्या लेखकाची नाहीत. त्यांची माणसं उद्याचा विचार करत नसत. तेव्हा प्रश्न असा उरतो की तू पाहिलंस ते काय होतं. नीट आठव. टीव्ही कोणाचा होता? तू कुठे बसला होतास? खेळाआधी जाहिरात लागली होती का? वर्गात एखादा मुलगा ठाम चुकत असेल तर मी त्याला चूक म्हणत नसे, त्याने पाहिलं काय ते विचारत असे. त्या वेळी जो मोठा होता त्याला विचार. वडिलांना नको, बहिणीला.

नाशिकबद्दल तू माझं मत विचारलेलं नाहीस. तरी सांगते, जावं. एका घरात दोन माणसांनी अडकून पडल्याने पहिला सुटत नाही.

सरोजिनी दिघे

---

लालबाग
५ सप्टेंबर १९९९

आदरणीय बाई,
जयभीम.

ताईला विचारलं. ती भांडी घासत होती, तिने मागे वळूनही बघितलं नाही. म्हणाली, "बावळट, तेव्हा आपल्याकडे टीव्ही होता कुठे?"

मी म्हटलं, "होता की. बाबांनी ओव्हरटाइम करून सेकंडहँड घेतलेला. अख्खा मजला बघायला यायचा."

"घेतलेला. संपाच्या पहिल्याच पावसाळ्यात त्याची पिक्चर ट्यूब गेली. मेकॅनिक आतलं सगळं घेऊन गेला, तो गेलाच. नुसतं लाकडाचं कपाट राहिलं, सरकत्या दाराचं. तू आणि बाजूची पोरं शनिवार आला की कपाटासमोर बसून रडायचा. मग बाबांनी त्याची पाठ कापली आणि मागून हात घातला."

बाई, मी जे टीव्ही समजून बघत होतो ते बाबा होते. बाहुल्यांची डोकी रिंग खात्यातल्या बाबिनींची, म्हणजे सुताच्या रिळांची, अंगावर आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे. मागे पडदा लावून बाबा आणि आई मोरीच्या कडेला बसायचे. बाबा अडकोबा, आई चोचीबाई. बरणी, हार्मोनियम, सगळं त्यांनी परत करून दाखवलं. ताई मोठी होती, तिला माहीत होतं. तिला गप्प बसायला सांगितलं होतं आणि ती सतरा वर्षं गप्प बसली.

दाराचा खेळ बाबांनी स्वतः रचलेला, त्यात त्यांनी पडद्याआडून हात काढून अडकोबाला कपाटासमोर धरलं. आईने आतून दार उघडायचं असं ठरलं होतं. तिने उघडलं नाही. त्या आठवड्यात मिलने ज्यांना परत घ्यायचं त्यांना बोलावलं होतं, आणि बाबा जाणार नाही म्हणाले होते. आईने ते भांडण बाहुलीच्या तोंडून काढलं. "उद्या काय खायचं" हा डायलॉग नव्हता. आम्ही पोरं हसत होतो, म्हणून ती परत परत विचारत राहिली. बाबा टकटक करत राहिले. शेवटी ताईने दिवा बंद केला आणि पोरांना घरी पाठवलं. त्यानंतर खेळ झालाच नाही. दुसऱ्या दिवसापासून आई दादरला एका घरी पोळ्या करायला जायला लागली.

कपाट अजून आमच्याकडे आहे. त्यावर पाण्याचा माठ असतो.

बाई, तुम्ही एकदा इथे या. बाबा शिक्षकांचं ऐकतात. तुम्ही विचारलंत तर ते बोलतील. दिवाळीला फार वेळ नाही.

लहू

---

माटुंगा
११ सप्टेंबर १९९९

लहू,

मला येणं शक्य नाही.

वडिलांना सांग की 'पेटीतले पाहुणे'चे सगळे खेळ पाहिलेल्या एका बाईचं मत आहे, आत अडकलेल्या माणसापेक्षा बाहेर अडकलेला माणूस ही कल्पना वरच्या दर्जाची आहे. केंद्रावर कोणाला ती सुचली नाही. खेळ अर्धा आहे, तो पुरा करावा.

सरोजिनी दिघे

---

लालबाग
२५ सप्टेंबर १९९९

बाई,

काल विसर्जन झालं, म्हणून उशीर. दहा दिवस आमच्या दारात माटुंगा, पार्ले, ठाणे सगळं येऊन गेलं. रात्रभर रांगेत उभं राहायला त्यांना लालबाग लांब पडत नाही. एका म्हाताऱ्या कामगाराशी दोन शब्द बोलायचे असले की मग शक्य नसतं.

तुमचा निरोप मी बाबांना वाचून दाखवला नाही. वरचा दर्जा आणि खालचा दर्जा इथे कोणी विचारलेला नाही. दार उघडलं का, एवढंच मी विचारलं होतं. तुम्ही मिशी मोजलीत.

कंपनीत मी अजून काही सांगितलेलं नाही. बहुतेक नाहीच म्हणेन.

लहू गमरे

---

माटुंगा
१ ऑक्टोबर १९९९

लहू,

तुझं पत्र उद्धट आहे. कारण न देता नकार देणं हे त्याहून वाईट, म्हणून कारण देते.

माझे यजमान रघुवीर चार वर्षं अंथरुणाला आहेत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं. मी नजरेआड झाले की ते घाबरतात आणि डाव्या हाताने पलंगाची कड बडवतात. खालच्या मजल्यावर ऐकू जातं. त्यांच्यासाठी कामाला लावलेल्या बायका टिकल्या नाहीत, एकीने तर सांगितलं, "बाई, ते मला बघून बडवत नाहीत, तुम्ही नाही म्हणून बडवतात, मी काय करू?" दूध दारात येतं. भाजीवाला खालून हाक मारतो आणि मी दोरीने पिशवी सोडते. किंग्ज सर्कलची बाग माझ्या खिडकीतून दिसते. तिचं फाटक कोणत्या रंगाचं आहे ते मला आता सांगता येणार नाही, झाडं आडवी येतात.

मी पेपराला पत्रं लिहिते, कारण पत्र घराबाहेर जातं.

हे मी सहानुभूतीसाठी लिहिलेलं नाही. लालबाग लांब नाही, जिना लांब आहे. आणि मिशी मोजली, कारण चूक ती चूकच.

सरोजिनी दिघे

---

लालबाग
८ ऑक्टोबर १९९९

बाईंना महादेव गमरे यांचा जयभीम.

लहूने तुमचं पत्र वाचून दाखवलं. आधी तुमची मागची पत्रं वाचली, मग हे. तो रडत होता, म्हणून मी त्याला गप्प केला. तुम्ही राग धरू नका. पोरगा मनाने बरा आहे, तोंडाने आईवर गेलाय.

माझा खेळ अर्धा राहिला हे खरं. तुम्हाला खाली उतरता येत नाही तर मी येतो. उद्या शनिवार आहे, शनिवारी गेटवर तसंही कोणी साहेब येत नाही. मंजुळाचा नवरा टॅक्सी चालवतो, कपाट वर कॅरियरला बांधू. लहू म्हणतो, बाबा, घर चुकाल. मी म्हटलं, लालबागहून सरळ बाबासाहेबांच्या नावाचा रस्ता आहे, चुकायचं काय त्यात.

तुमच्या साहेबांना कपाटाचा आवाज चालेल ना, ते पत्राने कळवायला वेळ नाही. हे पत्र मी माझ्याबरोबरच आणतो.

महादेव धोंडू गमरे

---

माटुंगा
१० ऑक्टोबर १९९९

लहू,

तू कामावर होतास आणि वडील घरी जाऊन नीट सांगणार नाहीत, म्हणून लिहिते.

ते काल दुपारी आले. दार उघडल्याबरोबर त्यांनी हातात पत्र दिलं आणि मी वाचेपर्यंत चपला काढून बाहेर उभे राहिले. मी म्हटलं, "आत या." ते म्हणाले, "आधी वाचा, मग बोलवा." कपाट आम्ही जेवणाच्या टेबलावर ठेवलं, पलंगावरून दिसेल असं. तुझा मेहुणा गाडी लावायला गेला तो परत आला नाही. नंतर कळलं, खाली झोपला होता.

बाबिनींच्या बाहुल्यांची डोकी शाबूत आहेत. अडकोबाला मिशी आहे. काळ्या दोऱ्याची, दोन्ही बाजूंनी शिवलेली. तेव्हा तुझी आठवण चुकीची नव्हती, हे इथे नोंदवते.

"तुम्ही आतलं बोला," ते म्हणाले. मी विचारलं, काय बोलायचं ते सांगा. म्हणाले, "लहूच्या आईला, तुळसाला, मी कधी सांगितलं नव्हतं. ती आपलंच बोलायची."

दार बंद होतं. मी चोचीबाई हातात घालून मागून कपाटात हात घातला. पलीकडच्या बाजूने त्यांनी टकटक केली.

"कोण?" मी म्हटलं.

"मी. अडकोबा."

"अडकोबा आत असतो."

"ह्या वेळी बाहेर राहिला. दार उघडा बाई, पाळी सुरू होईल."

आता मी उद्याचं विचारायचं होतं. ते माझ्या तोंडून येईना. रघुवीर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मला उघडता येत नाही. दार तुमच्या बाजूने सरकतं. मलाच बाहेर यायचंय."

तुझ्या वडिलांनी बाहुली खाली घेतली. मग बाहुलीचा आवाज सोडून, त्यांच्या स्वतःच्या आवाजात म्हणाले, "हे तुळसा तेव्हा का नाही बोलली?"

मी विचारलं, "तुम्ही तिला विचारलं होतंत?"

"नाही," ते म्हणाले. "मी आपला ठोकत राहिलो."

मग त्यांनी दार ओढलं. सतरा वर्षांत ते हललेलं नव्हतं, वर माठाचं पाणी झिरपून पट्ट्या फुगल्या होत्या. ते अर्ध्यावर अडकलं. त्यांनी पाय लावून जोर काढला आणि उघडलं. चोचीबाई बाहेर आली. रघुवीरनी डाव्या हाताने पलंगाची कड बडवली. मी त्यांच्या नजरेसमोरच उभी होते, त्यामुळे ते बडवणं कशाचं ते मला माहीत नाही. मी त्याला टाळी समजायचं ठरवलं आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: दार उघडलं.

चहा झाल्यावर ते म्हणाले, "बाई, तुम्ही जरा खाली जाऊन या. मी बसतो साहेबांजवळ." मी म्हटलं, जमणार नाही. ते म्हणाले, "रिंग खात्यात शेकडो चात्या एका नजरेखाली सांभाळल्यात. एक माणूस सांभाळता येत नाही होय?" मी जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत गेले. वर बडवण्याचा आवाज सुरू झाला, तशी परत आले. वडिलांनी मला दारातच अडवलं. "एवढ्यात आलात? आम्ही आत्ताच बोलायला लागलो होतो." त्यांच्या हातात अडकोबा होता आणि तो रघुवीरना सांगत होता, बाई अडकलेल्या नाहीत, भाजीला गेल्यात.

पुढच्या शनिवारी येतो म्हणाले. मी नको म्हटलेलं नाही.

तू कंपनीत काय सांगितलंस?

सरोजिनी दिघे

---

लालबाग
३१ ऑक्टोबर १९९९

आदरणीय बाई,
जयभीम.

मी हो सांगितलं. तसं बाबांनीच सांगितलं म्हणा. मी म्हटलं, नाशिकला चला. ते म्हणाले, "गेट कोण बघणार? आणि शनिवारी माटुंग्याला कोण जाणार? मला दोन-दोन ड्यूट्या आहेत." ताईने बाबांजवळ येऊन राहायचं ठरवलं आहे, तिच्या मुलांना घेऊन. ती बाबांना म्हणाली, "समोर बसून भरवणार नाही हां, तुमचं तुम्ही जेवायचं." बाबा म्हणाले, "माटुंग्याला मी साहेबांना भरवतो, मला कोणी शिकवू नका."

ते अजून गॅलरीत बसतात. मला वाटलं होतं दाराचा शेवट झाला की तेही उठतील. उठले नाहीत. मी बॅग भरतोय आणि ते पाठमोरे बसलेत. मी सुटलो असं मला वाटत नाही, बाई. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चाललोय असं वाटतं. तुम्ही म्हणाला होतात जावं, म्हणून तुम्हालाच सांगतो.

माझं मागचं पत्र फाडून टाका.

लहू

---

माटुंगा
२८ नोव्हेंबर १९९९

लहू,
जयभीम.

नाशिकचा पत्ता तुझ्या वडिलांनी दिला. पत्र मी फाडलेलं नाही, फाडणार नाही. त्यात व्याकरणाची चूक एकही नव्हती.

वडील दर शनिवारी येतात. आल्याबरोबर पहिली बातमी गेटची: अजून बंद आहे. मग चपला काढतात. रघुवीरना ते मिलमधल्या गोष्टी सांगतात, कोण कोणाच्या जागी हजेरी लावायचा, कोणाचा डबा कोण खायचा. रघुवीर घाबरत नाहीत असं नाही. घाबरतात. पण बडवण्याआधी दाराकडे बघतात, मग तुझ्या वडिलांकडे बघतात, आणि मला थोडा वेळ मिळतो. पहिल्या शनिवारी जिन्याचं वळण, दुसऱ्या शनिवारी आमच्या इमारतीचं फाटक, तिसऱ्या शनिवारी रस्त्याच्या पलीकडे फुलवालीपर्यंत. तिने मला ओळखलं नाही. मी तिच्या मुलाला शिकवलं होतं.

तू सुटल्यासारखं वाटत नाही म्हणतोस. वाटणार नाही. तुझे वडील गॅलरीतून उठणार नाहीत आणि मी संध्याकाळी परत वरच येणार. कोणी कोणाला कायमचं सोडवत नाही. दार तेवढं थोडा वेळ धरून ठेवता येतं. तू दर रविवारी वडिलांना पत्र लिही, लांब लिही. ते मला वाचून दाखवतात आणि तुझ्या चुका मी त्यांना सांगते, त्यांना ते आवडतं.

पेपराला मी दुरुस्ती पाठवली. माझ्या त्या छापलेल्या पत्रात 'पेटीतले पाहुणे'च्या खेळांची यादी होती, तीत एक खेळ राहिला होता, दाराबाहेरचा अडकोबा, करणारे महादेव आणि तुळसा गमरे, लालबाग. त्यांनी छापली नाही. परत पाठवणार आहे.

काल मी बागेत गेले. तिचं फाटक हिरवं आहे. आत जाऊन बाकावर बसले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी विचारलं, "नवीन आलात का इथे?" मी सांगितलं, समोरच राहते. मग काही बोलायचं म्हणून ते म्हणाले, आज उकडतंय.

मी म्हटलं, नाही, हवा बरी आहे.

सरोजिनी दिघे